सरव्याची ज्वारी

‘ग्लीन’ हा इंग्रजी शब्द शिकवायची वेळ आली की मी तो पटकन उरकून टाकत असे. माहिती वेचणे, थोडंथोडं करून गोळा करणे, लिहा वहीत, चला पुढं. मुलींना वाटायचं, बाईंना आज कुठं जायचंय वाटतं. मला कुठंही जायचं नसायचं. मी स्वतः आठवीत असताना त्या शब्दानं मला भर वर्गात उघडं पाडलं होतं, आणि ते काही मी पोरींना सांगत बसणार नव्हते. आता नोकरी संपली, पेन्शन सुरू झाली, कोण काय म्हणेल याची धास्ती उरली नाही. म्हणून सांगून टाकते.

शब्द जुना आहे. शेत कापून मालक आपला माल घेऊन गेला की मागे जी कणसं, जे दाणे भुईवर राहतात ते वेचून घेणे, हा त्याचा खरा अर्थ. माहिती वगैरे फार नंतरची. इंग्रजांनी तो फ्रेंचांकडून उचलला, फ्रेंचांनी उतरत्या काळातल्या लॅटिनकडून, आणि लॅटिनमध्ये तो बहुधा त्या मुलखात आधीपासून नांदणाऱ्या, मागे एकही पोथी न ठेवलेल्या लोकांच्या बोलीतून आला. ‘बहुधा’च्या पुढं पंडितांनाही जाता येत नाही. इंग्रजीत याच कामाला त्याच्याही आधीचा एक घरचा शब्द होता. तो हळूहळू मागं पडला, खेड्यांतल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी तेवढा राहिला, आणि त्याचा जर्मन भाऊ आज ‘वाचणे’ या अर्थानं सुखात आहे. हे सगळं मला पुढं पुस्तकांतून कळलं. काम मात्र आधीपासून येत होतं. आमच्या वऱ्हाडात त्याला सरवा म्हणतात.

आमची वाडी अमरावतीहून भातकुलीकडे जाणाऱ्या वाटेवर, शहरापासून कोस-दीड कोसावर. ‘आमची’ ही नुसती बोलायची सवय. जमीन दुसऱ्याची, विहीर दुसऱ्याची, आम्ही वाट्यानं भाजी लावणारे माळी. बाप मी पाच वर्षांची असताना पटकीत गेला. माय वांगी, मेथी, गाजरं, सांभार पिकवायची आणि डोक्यावर डालगं घेऊन शहरात विकायची. त्या भाजीवर तेल-मीठ, तिचं लुगडं आणि माझी पुस्तकं निघत. ज्वारी निघत नसे. ज्वारीसाठी ती मार्गशीर्षात सरवा वेचायला जाई, आणि सुट्टी असली की मीही.

सरवा म्हणजे मनाला येईल तेव्हा कुणाच्याही वावरात शिरणं नव्हे बरं! मालकाची कणसं खुडून होईपर्यंत वावराच्या तोंडाशी बोरीची काटी आडवी टाकलेली असे. शेवटची गाडी खळ्याकडे निघाली की तो ती काटी पायानं बाजूला सारी आणि हाक देई, “जा वं बायांनो!” तोवर बांधावर बसून राहायचं. आधी विधवा शिरायच्या, मग पोटुशा, मग बाकीच्या. ज्वारीच्या उभ्या ताटाला हात लावायचा नाही. काटी सरायच्या आत जिनं पाय टाकला तिला पुन्हा कुणी बांधावर उभं करत नसे. आणि मालकानं फारच झाडूनपुसून नेलं तर बाया त्याला तोंडावर ऐकवत, “पाखरायले तरी ठेव रे बाप्पा!” तो ओशाळून हसे आणि दोन-चार कणसं मागं टाकी.

माझी माय या सगळ्या बायांत नियमाची कडक. बाजारातही तसंच. “आज वांग्यात कीड हाये, बाई, नोका घेऊ,” असं स्वतःच्या गिऱ्हाइकाला सांगणारी दुसरी माळीण मी पाहिली नाही. तिच्या शेजारी बसणाऱ्या बाया चिडायच्या, हिच्यापायी आमचीही वांगी कोणी घेत नाही म्हणायच्या.

मला शाळेत घातलं ते तिच्या एका गिऱ्हाइकानं. त्या आमच्या इंग्रजीच्या बाई, मूळच्या पुण्याच्या. रोज सकाळी भाजी घ्यायच्या आणि रोज भांडायच्या.

“कोथिंबिरीचा काय भाव?”

“सांभार म्हना आन तसाच घेऊन जा. सकायी सकायी भाव नोका पाडू.”

पहिले काही महिने बाईंना हे बोलणं उद्धट वाटलं. मग चटक लागली. एक दिवस मी डालग्याजवळ बसून पुडीच्या कागदावरचं इंग्रजी गावच्या शाळेत शिकलेल्या अक्षरांवरून मोडकंतोडकं वाचत होते, ते त्यांनी पाहिलं, आणि मायचं डोकं खाऊन खाऊन मला मुलींच्या शाळेत नेऊन बसवलं. वर्गात वकिलांच्या, भटजींच्या, मास्तरांच्या मुली. मी बापाशिवायची, वाडीतली, हे त्यांना दिसतच होतं. सरवा मात्र कुणाला माहीत नव्हता. झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणून मी तीन वर्षं मूठ उघडली नाही.

आठवी संपत आली तेव्हा अडचण उभी राहिली. मिडलपर्यंत कसंबसं निभलं होतं, नववीची फी आमच्या आवाक्यातली नव्हती. बाईंनी माझा नादारीचा अर्ज भरला. नादारी म्हणजे फीमाफी. त्याला दोन अटी, मुलगी गरीब हवी आणि वर्तणुकीनं चांगली हवी. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं, मंजुरीची यादी नागपूरला जायची, त्याआधी शाळेचे कारकून घरोघर चौकशी करायचे. मायनं मला स्वच्छ सांगितलं, “माफी झाली त शीक. नाही झाली त वाडीत ये, मी एकटी किती करू?” दोन ठिकाणांहून सोयरीक विचारून गेलीच होती. वाडीत येणं म्हणजे काय, ते मला समजत होतं.

कारकून चौकशीला येणार म्हणून मायनं काय करावं? घर सारवलं, अंगण सारवलं, आणि ज्वारीची कणगी कोपऱ्यातून ओढून थेट दारासमोर आणली. त्या साली पीक बरं होतं, सरवाही बरा मिळाला होता. कणगी गळ्यापर्यंत भरलेली. वरचं झाकणही तिनं काढून ठेवलं.

“हे काऊन वं, माय?” मी विचारलं.

“पाहू दे त्यायले. नाहीतं वाटन, पोट्टी अर्ध्यातून शाळा सोडून मजुरीले जाइन आन सरकारची माफी वाया जाइन. वर्षाची भाकर हाये म्हना आपल्या घरी.”

बाप्पा! गरिबीचा पुरावा बघायला माणूस येतोय आणि ही त्याला भरलेली कणगी दाखवते! पण तिच्या डोक्यात तो हिशेबच नव्हता. शाळा कुणाला माफी देणार तर भरवशाच्या माणसाला देणार, असं तिचं सरळ म्हणणं.

रविवारी कारकून टांग्यानं आले. आमच्या वाडीत गाजरं ताजी मिळतील म्हणून त्यांनी मुलीलाही सोबत आणलं होतं. ही मुलगी माझ्याच वर्गातली, माझ्याच बाकावरची. माय विहिरीवर गाजरं धुवायला गेली. कारकून ओट्यावर बसले. आमच्या घरचं पाणी ते पीत नसत, कच्चं गाजर मात्र चाले. ते कुडूम कुडूम खात त्यांनी आत डोकावून पाहिलं.

“ज्वारी बरीच आहे की गं. कोणाच्या वावराची?”

त्यांची मुलगी माझ्याकडे पाहत होती. सरव्याची, एवढंच म्हणायचं होतं. पण उचलली जीभ लावली टाळ्याला!

“आमच्याच वावराची.”

“वावर आहे तुमचं? कुठं?”

“अकोल्याकडं. मायच्या माहेरचं. चार एकर आहे.” अकोला मी तोवर पाहिलेलंही नव्हतं.

कारकुनांनी वहीत लिहून घेतलं. त्यांची मुलगी म्हणाली, “तू कधी सांगितलं नाहीस!” आणि मला, खरं सांगते, फार बरं वाटलं. माय गाजरांची जुडी घेऊन आली, दोघांनाही भरपूर दिली, आणि टांगा गेल्यावर समाधानानं म्हणाली, “चांगला मानूस हाये. कनगी पाह्यली त्यानं.”

पंधरा दिवसांनी शाळेच्या फळ्यावर नागपूरला जायची यादी लागली. माझं नाव नव्हतं. बाईंनी चौकशी केली तर उत्तर मिळालं, घरी शेती आहे, वर्षाचं धान्य आहे. बाई माझ्यावरच रागावल्या, शेती आहे हे आधी सांगायचं नाही का? मी मान खाली घालून उभी राहिले. घरी मायला सांगितलं तर ती खाली बसली.

“आपल्याहून गरीब कोन हाये वं या यादीत? मले त समजूनच नाही राह्यलं.”

मला समजत होतं. पण मी बोलले नाही. तीन रात्री मी तिच्या शेजारी झोपून बोलले नाही.

चौथ्या दिवशी इंग्रजीच्या तासाला धड्यात तो शब्द आला. एका माणसानं गावात फिरून बातम्या ‘ग्लीन’ केल्या, असं काहीसं वाक्य होतं. आमच्या बाईंची एक खोड होती. शब्दाचं कूळगोत्र सांगितल्याशिवाय त्या अर्थ सांगत नसत. टेबलावरचा जाडजूड कोश उघडून त्यांनी फ्रेंच, लॅटिन, सगळी वंशावळ सांगितली. मग म्हणाल्या, मूळ अर्थ कणसं वेचण्याचा. तिकडच्या कित्येक गावांत सुगीनंतर सकाळी देवळाची घंटा वाजायची, ती वाजली की गरीब बायका-मुलांनी शेतात शिरायचं, संध्याकाळी पुन्हा वाजली की बाहेर यायचं. शेतात मालकानं एक पेंढी उभी ठेवलेली असेल तोवर कुणी पाऊल टाकायचं नाही.

मी ऐकत होते आणि माझे कान तापले होते. हजारो कोसांवर, गोऱ्या लोकांच्या मुलखात, बाया बांधावर बसून वाट बघत होत्या! आणि त्यांच्यासाठी देवळाची घंटा! उभ्या गावाला ऐकू जाईल अशी! मी मात्र तेच काम बाकावरच्या मुलीपासून लपवून बसले होते.

“याला मराठीत नेमका शब्द आहे,” बाई म्हणाल्या. “मला या क्षणी आठवत नाही. कोणाला येतो?”

कुणी म्हणालं वेचणे, कुणी म्हणालं गोळा करणे. मग माझ्या शेजारची, कारकुनांची मुलगी उठली. “पण बाई, ही भीकच झाली ना? फक्त शेतात जाऊन मागायची.”

वाईट मुलगी नव्हती ती. तिला खरंच तसं वाटलं असेल. पण माझं डोकं फिरलं.

“भीक नाही!” मी उठूनच उभी राहिले. “सरवा म्हनतात त्याले! भीक मागाले हात पसरा लागते, सरव्याले कंबर मोडा लागते! काटी सरल्याशिवाय कोनी पाय नाही टाकत आत!”

इतकी वर्षं शाळेत मी पुस्तकी मराठी बोलत होते, ती कुठल्या कुठं गेली. वर्ग फिदीफिदी हसला. बाई हसल्या नाहीत.

“सरवा! बरोबर. हाच तो शब्द. तुला गं कसं एवढं माहीत?”

“माझी माय वेचते. मीही वेचते. आमची कणगी त्याच ज्वारीनं भरली आहे.”

“मग अकोल्याचं वावर?” शेजारून प्रश्न आला.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी वर्गासमोर सांगितलं, वावर नाही, मी खोटं बोलले.

घरी जाऊन मायलाही सांगितलं. ती चुलीपुढं भाकर थापत होती. सगळं ऐकून घेतलं, पिठाच्या हातानंच एक थापड दिली. आयुष्यात तिनं मला मारलेलं ते एकदाच.

“सरव्याची हाये म्हन्याले काय झालं होतं तुले? चोरीची होती काय?”

मी रडत होते. ती परत भाकर थापायला लागली.

“खोटं बोलनाऱ्या मानसाचं मले तोंड नाही पाहू वाटत. पोटची असो नाहीतं कोनी असो.”

आणि ती खरंच त्या संध्याकाळी माझ्याशी आणखी एक शब्द बोलली नाही. ताटात भाकर मात्र रोजच्यासारखी दोनदा वाढली.

दुसऱ्या दिवशी भाजी विकून झाल्यावर रिकामं डालगं घेऊन ती माझ्यासोबत शाळेत आली. बाई आम्हाला मोठ्या बाईंच्या, म्हणजे मुख्याध्यापिकांच्या, खोलीत घेऊन गेल्या. मोठ्या बाई टेबलामागं, कारकून वही घेऊन बाजूला, मी आणि माय उभ्या. बाईंनी खुर्ची दाखवली, माय बसली नाही. यादी अजून नागपूरला गेली नव्हती, एवढंच नशीब.

“सरव्याची हाये जवारी,” माय म्हणाली. “वावर नाही, काही नाही. पटवाऱ्याले इचारा.”

मोठ्या बाई भल्या होत्या, पण नियमाच्या. त्या म्हणाल्या, गरिबी मला पटली. आता अडचण दुसरीच आहे. वहीतली नोंद बदलायची तर चुकीची माहिती कुणी दिली ते लिहावं लागेल. मुलीनं दिली म्हणून लिहिलं तर ती चौकशीत खोटं बोलली असं होईल, आणि वर्तणुकीच्या अटीत ती बसणार नाही. बाई म्हणाल्या, मूल आहे हो, समजलं नसेल. कारकून म्हणाले, “चार एकर म्हणून सांगितलं तिनं. न समजता कसं सांगेल? मी माझ्या मनानं नाही लिहिलं.” त्यांचंही खरं होतं. ते आपली नोकरी सांभाळत होते.

मी मनात वाडीत गेले, वाफ्यांत उभी राहिले, संपलं म्हटलं.

“मी सांगतलं म्हनून लिवा,” माय म्हणाली.

कारकुनांनी वर पाहिलं. “तुम्ही तर विहिरीवर होता.”

“मंग? मले तुमी इचारलंच नाही. पोट्टीले इचारलं. पोट्टीले आधी कोनं पढवून ठेवलं होतं, थे तुमाले काय मालूम? मीच म्हनलं होतं, वावर हाये म्हन. कनगी कोनं दारात आनून ठेवली होती? पाह्यली ना तुमी?”

“पण का असं शिकवलंत?” मोठ्या बाईंनी विचारलं.

“मोठेपनासाठी. चार लोकायत मान मिळावा म्हनून.” मायचा आवाज बाजारात भाव सांगावा तितका साधा होता.

मोठ्या बाईंनी आमच्या बाईंकडे पाहिलं. बाई खिडकीबाहेर पाहायला लागल्या. त्या दोघींनाही कळलं होतं, कारकुनांनाही कळलं असावं. मी तोंड उघडणार होते, आईशप्पथ उघडणार होते, पण मायनं माझ्याकडे न बघता माझं मनगट धरलं आणि असं आवळलं की बांगडी पिचली.

कारकुनांनी इंग्रजीत कागद लिहिला. सरव्यापाशी अडले तेव्हा बाईंनी त्यांना तो इंग्रजी शब्द अक्षरं सांगून लिहून दिला. मोठ्या बाईंनी कागद माझ्या हातात दिला. “आईला वाचून दाखव. अर्थ नीट सांग. न समजता अंगठा नको.”

मी वाचलं. माझ्या नावावर कुठंही जमीन नाही. घरातली ज्वारी दुसऱ्याच्या शेतात वेचलेली आहे. लोकांत मोठेपणा मिरवावा म्हणून मी माझ्या अजाण मुलीला चौकशीच्या वेळी खोटं सांगायला शिकवलं. या खोटेपणाची मला लाज वाटते आणि मी क्षमा मागते. हे सगळं मी तिला मराठीतून एकेक ओळ सांगितलं, काही वगळलं नाही. ‘खोटेपणा’पाशी मी अडले, तेव्हा ती म्हणाली, “सांग, सांग, आयकून राह्यली मी.”

शेवटची ओळ झाली. कारकुनांनी शाईची गादी पुढं सरकवली. मायनं हात पदराला पुसला आणि मला विचारलं,

“तुहं नाव त खराब नाही ना लिवलं कोठी?”

मी कागद पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचला.

“नाही, माय.”

“मंग आन इकडं,” ती म्हणाली, आणि अंगठा पुढं केला.